गुळाचा खडा

बादली रिकामी होती.

मी संडासात डोकावून पाहिलं आणि मला हायसं वाटलं. बादली रिकामी म्हणजे पाणी वापरलेलं, आणि पाणी वापरलेलं म्हणजे आबांचं पोट साफ झालेलं. मागे सोप्यात आबा वॉकर सरकवत कॉटपाशी पोचले होते. कपाळावर घाम होता. मी पदर डोक्यावर ओढला, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरला लावली आणि म्हणाले, "आबांनी आता गोळी घ्यावी."

"दे," आबा म्हणाले.

आबा म्हणजे माझे सासरे. ते माझ्याशी सरळ बोलत. मी मात्र लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांच्याशी एकदाही सरळ बोलले नव्हते. 'आबांनी जेवून घ्यावं', 'आबांना कुणी भेटायला आलंय', हे असंच चालायचं. 'तुम्ही' हा शब्द मी त्यांना कधी वापरलाच नाही. सासूबाई होत्या तोवर मधे त्या असायच्या. माझं त्यांना आणि त्यांचं मला सगळं त्याच पोचवायच्या. त्या गेल्या आणि मधलं माणूसच गेलं. नवरा ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस केरळ नाहीतर तमिळनाडू. उरलो आम्ही दोघं, एका घरात, एकमेकांची लाज बाळगत.

ती गोळी कडू जहर होती. एवढा मोठा पैलवान, पण गोळी जिभेवर पडली की तोंड वेडंवाकडं करायचे आणि तळहात पुढे धरायचे. मी त्यावर गुळाचा खडा ठेवायची. तो तोंडात गेला की चेहरा सरळ. दिवसभरात आमच्यात मोकळेपणाने होणारा व्यवहार एवढाच.

गाव त्यांना वस्ताद म्हणायचं. गावची तालीम त्यांनी चालवली होती. पहाटे मातीत उतरणाऱ्या प्रत्येक पोराला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पोट साफ झालं का रं?" नाही म्हणणाऱ्याला ते मातीत पाय ठेवू देत नसत. तो प्रश्न अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा. नवी नवरी होते तेव्हा मी चुलीपुढे बसून तोंडात पदर कोंबून हसायची. असा हा माणूस बंद पडलेल्या तालमीच्या पायरीवरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. सळई घालून घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवलं.

"या गोळीनं दुखणं थांबेल," ते म्हणाले. "पण ही अफूच्या जातीची आहे. सुरुवातीला झोप येईल, मळमळेल, अंगाला खाज सुटेल, काहीबाही बोलतीलही. फारच गुंगी वाटली, श्वास मंद वाटला तर लगेच फोन करा. आणि मुख्य म्हणजे पोट. ही गोळी पोट धरून ठेवते. हे पातळ औषध रोज झोपताना द्या आणि रोज विचारा, पोट साफ झालं का. दोन दिवस नाही झालं तर मला कळवायचं. विचाराल ना?"

"हो," मी म्हणाले.

म्हणाले खरी. पण सुनेनं सासऱ्याला हे विचारायचं कसं? 'आबांचं पोट साफ झालं का' असं कॅलेंडरकडे बघून विचारायचं? दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा 'चहा ठेवू का' एवढंच बाहेर पडलं. मग मला बादलीची युक्ती सुचली. सकाळी बादली भरून आत ठेवायची, आबा आले की जाऊन बघायची. स्वतःच्या हुशारीचं मला कौतुक वाटलं होतं. पातळ औषधाची बाटली त्यांच्या उशाशी ठेवून म्हणाले, "हे झोपताना घ्यावं." कशासाठी ते बोलले नाही.

पहिले काही दिवस बरे गेले. आबा झोपायचे, नाक चोळायचे, पाठ खाजवायला काहीतरी मागायचे म्हणून मी त्यांना लाकडी फणी दिली होती. मग त्यांनी भाकरी निम्म्यावर आणली. मग भाकरी सुटली, कण्या सुटल्या. चहा घेतला की उलटी व्हायची. डोळे अर्धे मिटलेले, तोंडाने काहीतरी पुटपुटत राहायचे. मी डॉक्टरांना फोन केला.

"पोट साफ होतंय ना?" त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

"रोज," मी छातीठोकपणे सांगितलं.

"श्वास?"

"चांगलाय. हाक मारली की ओ देतात."

"मग दुसरं काही आहे का बघावं लागेल. उद्या घेऊन या."

नवरा उद्या संध्याकाळी पोचणार होता, तोवर आबांना नेणार कोण? शेजारच्या हौसाकाकू येऊन आबांच्या उशाशी बसल्या, त्यांचं नाक चोळणं बघितलं, वाळलेले ओठ बघितले आणि मला बाजूला घेतलं.

"रतन, अन्न सोडलंय गं म्हाताऱ्यानं. माझा सासराबी असाच गेला. ज्याला कळवायचं त्याला कळवून घे."

ज्याला कळवायचं असं एकच माणूस होतं. मालनवन्सं, माझी नणंद.

मालनवन्संनी तालमीतल्याच एका पैलवानाशी, तानाजीशी लग्न केलं होतं. पळून जाऊन. जात आडवी आली नाही, घरही वाईट नव्हतं. पण वस्तादाची लेक ही सगळ्या तालमीची बहीण असते. आबांनी ज्याला लंगोट बांधायला शिकवलं त्यानंच ती रेघ ओलांडली. त्याच आठवड्यात आबांनी तालमीला कुलूप लावलं आणि लेक मेली असं चावडीवर सांगितलं. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मालनवन्सं आल्या होत्या. आबांनी दार बंद केलं आणि आडणा घातला. बाहेरून त्या हाका मारत होत्या. मी दारापाशी गेले, आडण्याला हातही लावला. आबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी हात काढून घेतला. सासूबाई दाराकडे बघत गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस मला जेवण गोड लागलं नाही, पण ते मी कुणाला सांगणार होते?

म्हणून या वेळी विचारायला गेले नाही. फोन केला. "वन्सं, आबांचं काही खरं नाही. या."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. तानाजीभावजी फाटकाबाहेरच थांबले, पिशवी हातात धरून. मालनवन्सं सोप्याच्या दाराशी आल्या आणि उंबऱ्यावर अडखळल्या. मी त्यांचा हात धरून आत घेतलं. तासाभरापूर्वीच मी आबांना गोळी दिली होती. ते अर्धवट गुंगीत होते.

"आबा," वन्संनी हाक मारली.

आबांनी डोळे उघडले. बराच वेळ बघत राहिले.

"मालन?"

"व्हय आबा."

"तुझी आय कवाडाकडं बघत गेली गं," आबा जड जिभेने म्हणाले. "चुकलं माझं, पोरी. लई चुकलं."

मालनवन्संनी त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं आणि ढसाढसा रडायला लागल्या. हौसाकाकूंनी डोळ्याला पदर लावला. मीही रडले. आता आबा गेले तरी चालेल, असंसुद्धा क्षणभर माझ्या मनात आलं. खोटं कशाला सांगू.

रडता रडता वन्संचा हात आबांच्या पोटावर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी पोट चाचपलं. डोळे पुसले. मग एकदम ताठ बसून, थेट तालमीतल्या आवाजात त्यांनी विचारलं, "आबा, पोट साफ कवा झालंय?"

आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"वहिनी, कधी झालंय?"

"रोज होतंय की," मी म्हणाले. "रोज बादली रिकामी असते."

"बादली मीच वततो," आबा भिंतीशी बोलल्यासारखे पुटपुटले. "सूनबाई येऊन बघती. तिला बरं वाटावं म्हून वततो."

हौसाकाकूंनी डोळ्यावरचा पदर तोंडावर नेला.

"घरी आल्यापासनं एकदाबी न्हाई?" वन्संनी विचारलं.

"न्हाई."

"आणि हे औषध? बाटली तर भरलेलीच हाय."

"मला कुठं खोकला हाय?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माणूस मरत नव्हता. माणूस तुंबला होता. आणि मी डॉक्टरांना 'रोज' असं ठासून सांगितलं होतं, गाव गोळा केलं होतं. एक प्रश्न विचारायची लाज वाटली म्हणून मी म्हाताऱ्याचे किती हाल केले! रोज तिथे बसून ते कुंथत असतील, कळा सोसत असतील आणि शेवटी माझ्यासाठी बादली ओतून येत असतील. मी मात्र रिकामी बादली बघून खुशीत गोळी पुढे करत होते.

वन्संनी माझ्याकडे बघितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं, पण हसायलाच लागल्या. डोळ्यातून पाणी वाहतंय आणि हसतायत. मग त्यांनी दारातून हाक मारली, "अवो, आत या. आबांना उचलायचंय."

डॉक्टरांना फोन लावला, या वेळी खरं सांगितलं. त्यांनी गोळी अर्धी करायला सांगितली, तीही फक्त रात्री. आणि गावातल्या डॉक्टरांकडून एनिमा द्यायला सांगितला. तो दिल्यावर पुढचं सगळं तानाजीभावजींनी केलं. आबांना खुब्याला धक्का न लागता उचललं, बसवलं, धरून ठेवलं, धुतलं, पुसलं, धोतर बदललं. आबांचं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं होतं. आपल्याला कुणी धरलंय हे आबांना त्या गुंगीत कळलं की नाही, देव जाणे. सगळं झाल्यावर भावजींनी हात धुतले आणि आबांच्या पायाला लावून नमस्कार केला.

सकाळी आबांनी भाकरी मागितली.

मी आणि मालनवन्सं मागच्या दारी भांडी घासत होतो. वन्संनी अचानक विचारलं, "वहिनी, आबा काल बोलले, ते शुद्धीत की गोळीत?"

माझा हात तव्यावर थांबला. डॉक्टरांचे शब्द मला आठवत होते, काहीबाही बोलतील. गोळी माझ्याच हाताने दिली होती.

"शुद्धीत," मी म्हणाले. "काल दुपारची गोळी द्यायची राहिली होती ना माझ्याकडून. गडबडीत."

"नक्की?"

"नक्की."

त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मला त्यांच्याकडे बघवेना. मी तवा घासत राहिले. आधी एकदा डॉक्टरांशी खोटं बोलले होते, पण ते न कळता. हे कळून सवरून होतं.

सोप्यात आबांनी हाक मारली, "सूनबाई!"

मी गेले. ते उशीला टेकून बसले होते. डोळे स्वच्छ होते, आवाजही मूळचा झाला होता.

"ती कवा आली?"

"काल दुपारी," मी कॅलेंडरला सांगितलं.

"कुणी बोलावली?"

"मी."

आबा म्हणाले, "मला कायबी आठवत न्हाई. मी बोललो काय तिच्यासंगं?"

आता काय करायचं? मी वाक्य जुळवायला लागले, 'आबांनी असं म्हटलं की', आणि ते मला जमेना. सात दिवस मी अशीच वाक्यं जुळवत बसले होते, आणि त्यातून काय झालं ते कालच बघितलं होतं. मी कॅलेंडरवरची नजर काढली आणि त्यांच्याकडे बघितलं.

"आबा, तुम्ही म्हणालात, तुमचं चुकलं. आई दाराकडे बघत गेल्या, असं म्हणालात. वन्सं तुमच्या छातीवर रडल्या."

मी 'तुम्ही' म्हणाले हे आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. आबांच्या भुवया वर गेल्या.

"त्ये मी न्हाई म्हनलो," ते सावकाश म्हणाले. "गोळीनं म्हनलं."

"पण वन्संना मी सांगितलंय की तुम्ही शुद्धीत होता."

"का सांगितलंस?"

"मी पण होते ना त्या दारापाशी," मी म्हणाले. आणखी काही बोलायला गेले तर रडू फुटलं असतं.

आबांनी तोंड फिरवलं. मी आत निघून गेले. त्यांना राग आला असेल तर येऊ दे, असं मनाला सांगत होते. पण वन्संना हे कळलं तर? इतक्या वर्षांनी आलेली लेक एका गोळीच्या भरवशावर परत जाणार, आणि पुढच्या खेपेला आली की आबा तोंड फिरवणार. मग तिला कळणार, वहिनी खोटं बोलली. हे सगळं मीच करून ठेवलं होतं.

बाराच्या एसटीने ती दोघं निघणार होती. माझा नवरा रात्री येऊन पोचला होता. तो त्यांना स्टँडवर सोडायला गाडी काढत होता. मालनवन्संनी पिशवी भरली, माझ्या हातात साखरेची पुडी ठेवली. भावजी अंगणात चपला घालून उभे होते. कालच्या नमस्कारानंतर ते पुन्हा सोप्यात पाऊल टाकायला तयार नव्हते. वन्सं वाकून आबांच्या पाया पडल्या. आबांनी हात वर केला, तो तसाच राहिला आणि मग गोधडीवर पडला. तोंड उघडलं, मिटलं. वन्सं थोडा वेळ थांबल्या आणि उठल्या.

"येते आबा."

आबांच्या कपाळावर घाम आला होता. संडासातून परत येताना यायचा, तसाच.

"सूनबाई," ते एकदम म्हणाले, "गोळी दे."

"दुखतंय का?" वन्सं चटकन वळल्या.

"दे म्हनलं ना. तीच. कालची."

माझ्या लक्षात आलं. त्यांच्या खुब्याला काही झालं नव्हतं. गोळीनं काल जे बोलून टाकलं होतं ते त्यांना आज बोलायचं होतं, आणि त्यासाठी त्यांना ती गोळी हवी होती. मी आत गेले. फळीवर दोन डब्या होत्या. एकीत ती दुखण्याची गोळी, डॉक्टरांनी फक्त रात्रीला अर्धी सांगितलेली. दुसरीत हाडाला बळ यावं म्हणून दिलेली कॅल्शियमची. दोन्ही पांढऱ्या. आबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, दुसऱ्याला चष्मा लागायचा.

पुन्हा तोच खेळ खेळायला मी तयार नव्हते, कालचं पोट अजून डोळ्यासमोर होतं. आणि नाही म्हणायचं धाडसही नव्हतं. मी कॅल्शियमची गोळी घेतली. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात गुळाचा खडा, आणि मनात चोर. आज मी या माणसाला पुन्हा एकदा फसवत होते.

आबांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले. मी गुळाचा खडा तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली.

बाहेर गाडी सुरू झाली.

"मालन," आबा म्हणाले. "बस."

वन्सं कॉटच्या कडेला बसल्या.

"त्या दिवशी तू हाका मारत हुतीस. मला ऐकू येत नव्हतं असं न्हाई. सगळं ऐकू येत हुतं. तुझी आय मला म्हनली, उघडा. मी उघडलं न्हाई. आडणा मी घातला हुता." "ह्या पोरीनं हात लावला हुता आडण्याला. मी तिला डोळं दाखवलं. सगळं माझं हाय ते. हिचं न्हाई, तुझं न्हाई, त्या तान्याचंबी न्हाई."

वन्सं रडत नव्हत्या. त्यांनी दोन्ही हातांनी आबांची मिटलेली मूठ धरली होती.

"तान्या!" आबांनी अंगणाकडे हाक मारली. तालमीतला तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला. "भाइर काय उभा राह्यलाईस? आत ये. आन वाकून ये, चौकट बसंल डोक्याला."

ती एसटी त्यांनी सोडली. दुपारच्याला गेले.

ते गेल्यावर मी सोप्यात आले. आबा डोळे मिटून पडले होते. सांगून टाकावं असं वाटत होतं. निदान एवढं तरी खरं या घरात कुणीतरी कुणाला सांगावं.

"आबा," मी म्हणाले, "ती गोळी..."

आबांनी डोळे न उघडता हात पुढे केला आणि मूठ उघडली. गुळाचा खडा तसाच होता, घामाने थोडा चिकट झालेला.

"ह्यो डब्यात ठेव," ते म्हणाले. "कडू नव्हती."